आम्ही कधी आलो तर चालेल?

सुट्टीच्या दिवसांत त्या हॉटेलात खोल्या होत्या तितक्याच राहायच्या, पण विकल्या जायच्या मात्र जास्त. यात लबाडी वगैरे काही नाही हं, हा धंदाच असा. कुणाचं पोर ऐन वेळी तापाने फणफणतं, कुणाची गाडी वाटेत बसते, कुणाचं निघता निघता बायकोशी वाजतं, आणि चार-पाच कुटुंबं येतच नाहीत. त्यांच्या खोल्या काय नुसत्या हवा खात ठेवायच्या? म्हणून आधीच चार-पाच जास्तीच्या विकून मोकळं व्हायचं. पलीकडे तो अफाट पार्क, त्यातले पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, आणि संध्याकाळी दिव्यांच्या गाड्यांची परेड. आईबाप वर्षभर पोरांना त्या परेडची लालूच दाखवून अभ्यास करून घेतात. मग न येऊन सांगतात कुणाला? एखाद्या दिवशी झाडून सगळे येतात. कुणालाही ताप येत नाही आणि कुणाचीही गाडी बसत नाही. तो दिवस वाईट.

त्या दिवशी कुणाला तरी 'हलवावं' लागायचं. हायवेच्या पलीकडे दुसरं एक हॉटेल होतं, म्हणजे त्याच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं, तिथे गाडीत घालून पाठवून द्यायचं. कुणाला हलवायचं हे ठरवणं ही मोठी जोखीम. चुकीच्या माणसाला हात लावला की तो लॉबीत उभा राहून व्हिडिओ काढतो, त्याची बायको रडते, मेहुणा वकील निघतो. म्हणून हे काम साखरेकडे होतं.

साखर हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. काउंटरवरच्या पोरींनी ठेवलेलं. ही बाई गोड बोलून माणसाच्या अंगावरचा शर्ट काढून घेईल आणि वर तोच हिचे आभार मानेल, म्हणून साखर. घरी तिला ठकी म्हणत, पण घरी ती जायचीच कितीशी? सणावारी सुट्टी नाही, शनिवार-रविवारी सुट्टी नाही, आणि ज्या दिवशी सुट्टी त्या दिवशी झोप.

माणूस ओळखायची तिची एक रीत होती आणि तिचा तिला फार अभिमान. सकाळी काउंटरवरून सगळ्यांना फोन जायचा. प्रश्न एकच, "आपण किती वाजेपर्यंत पोचाल?" कुणी म्हणायचं, "आलो की कळेलच." त्याच्या वाटेला जायचं नाही. कुणी म्हणायचं, "दोनला पोचतोय, खोली तयार पाहिजे, सबबी नकोत." त्याला नमस्कार. पण शंभरात एखादा निघायचाच, जो फोनवरसुद्धा किंचित वाकल्यासारखा बोलायचा आणि उलट विचारायचा, "तुमच्या सोयीने हो. आम्ही कधी आलो तर चालेल?" संपलं! स्वतःचे पैसे भरून स्वतःच्याच खोलीत यायची जो परवानगी मागतो, तो जन्मात भांडत नाही. कॉम्प्युटरवर त्याच्या बुकिंगपुढे खूण करायची आणि निर्धास्त व्हायचं.

ही रीत तिला कुणी शिकवली? कोर्समध्ये तर नक्कीच नाही. ती शिकली बापाकडे बघून.

तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. सुरुवातीला भर रस्त्यावर त्यांचं दुकान होतं, नीट काचेचं. शेजारच्याला माल ठेवायला जागा हवी झाली, तेव्हा बाबांनी अर्धं दिलं. मग त्याला उरलेलंही हवंसं वाटलं, तेव्हा बाबा बोळात गेले. बोळात कुणाच्या तरी मोटरसायकलला अडचण व्हायला लागली, तेव्हा जिन्याखाली. तिथे डोकं वाकवून बसावं लागे. लोक म्हणत, देवमाणूस. घरात एक गोष्ट मात्र कुणी बोलत नसे, की देवमाणसाच्या बायकोला चार घरी शिलाई मागत फिरावं लागतं. ठकी दहाएक वर्षांची असताना बाबा दोघी बहिणींना सर्कशीला घेऊन गेले होते. पुढची तिकिटं होती. जागेवर दुसरंच कुटुंब ऐसपैस बसलेलं. बाबांनी हातातली तिकिटं दाखवली, ते लोक हलले नाहीत, आणि बाबा म्हणाले, "असू दे, असू दे, बसा." तिघांनी सगळी सर्कस एका खांबाआडून बघितली. हत्ती आला तेव्हा हिला फक्त त्याची शेपटी दिसली. त्या रात्री ठकीने ठरवून टाकलं, की रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि आपण काही खांबाआड बसायचं नाही.

आणि बसली नाहीच. आता तर काउंटरची मुख्य व्हायची वेळ आली होती. जागा रिकामी झाली होती, नाव दोघींचं चाललं होतं, आणि टक्केसाहेब बघत होते. टक्केसाहेब म्हणजे मॅनेजर. हा माणूस 'कसे आहात' विचारलं तरी 'अठ्ठ्याण्णव टक्के' असं उत्तर देई, कारण त्याच्या डोक्यात हॉटेल किती भरलंय याखेरीज दुसरा विचार नसे. त्यांनी तिला सकाळीच सांगितलं होतं, "बाई, आज सगळं गाव लोटणार आहे. आजचा दिवस बिनबोभाट काढा, मग बोलू." मग बोलू म्हणजे काय, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती.

त्या दिवशी सकाळचे फोन नवी करत होती. नवी म्हणजे काउंटरवर नुकतीच लागलेली पोरगी, अजून प्रत्येक गोष्टीला हसू यायच्या वयाची. फोनवर हात ठेवून ती खिदळली, "ताई, सापडले! म्हातारे आहेत कुणी. म्हणतात, आम्ही कधी आलो तर चालेल, तुमची जेवणाची वेळ सोडून येतो."

"जेवणाची वेळ सोडून?" साखर हसली. "अगं, हे तर सोनं आहे. लाव खूण."

"नाव बघता?"

"नाव कशाला बघायचं, पूजा करायची आहे का? लाव."

नाव बघितलं असतं तर? बघूनही कदाचित लगेच ध्यानात आलं नसतं. बुकिंग तिच्या मोठ्या बहिणीच्या सासरच्या आडनावावर होतं, आणि त्या आडनावाची माणसं पैशाला पासरी. आपल्या बापाने आपल्याला एका शब्दाने न सांगता, पूर्ण भाव भरून, आपल्याच हॉटेलात खोली घेतली असेल असं कुठल्या मुलीच्या स्वप्नात येईल? पण बाबांचं गणित सरळ होतं. ठकीला सांगितलं तर ती कुणाकडे तरी शब्द टाकणार, कुणाची तरी मिंधी होणार. कशाला पोरीला त्रास?

दुपारपर्यंत लॉबीचा बाजार झाला. बॅगा, ट्रॉल्या, फुगे, आइस्क्रीम सांडलेली पोरं, पंख्यासारखे वारा घालायला घेतलेले पार्कचे नकाशे. सगळे आले. म्हणजे खरोखरच सगळे. दोन कुटुंबं साखरेने हां हां म्हणता हलवली. पहिल्यातल्या बाईने तर जाता जाता तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "तुम्ही होतात म्हणून." टक्केसाहेब काचेच्या केबिनमधून बघत होते आणि मान डोलावत होते.

मग नवी तिच्या कानाशी लागली. "ताई, आता खोली एकच उरली. तिसऱ्या मजल्यावरची. आणि माणसं दोन." तिने हनुवटीने काउंटरच्या टोकाकडे दाखवलं. तिथे कपाळावर गॉगल चढवलेला एक गृहस्थ बोटातल्या अंगठीने काउंटरवर टकटक करत उभा होता. मागे बायको आणि दोन पोरं. "हे आत्ता आले. आणि दुसरे ते, सकाळचे. कधी आलो तर चालेलवाले. ते तर मघापासून बसलेत, कळलंच नाही. मागच्या सगळ्यांना पुढे सोडतायत. तुम्ही घ्या आधी, तुम्ही घ्या आधी, असं चाललंय."

साखरेने चेहऱ्यावर हसू चढवलं आणि वळली.

खांबाजवळच्या सोफ्यावर, पार कडेला, अर्ध्या बुडावर बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरच्या गुंडीपर्यंत लावलेला. मांडीवर पिशवी. कुणीतरी त्यांच्या पायाशी आपल्या चार बॅगा आणून ठेवल्या होत्या आणि त्यांनी पाय जवळ ओढून घेतले होते. शेजारी तिची मोठी बहीण, ताई, आणि ताईच्या मांडीवर तिची पाच वर्षांची पिल्लू. बाबा हिच्याकडेच बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. आणि चेहरा असा, की पोरगी पहिली आली तेव्हा शाळेच्या बक्षीस समारंभात होता तसाच.

काय हा माणूस! सांगायचं नाही का? एक फोन करायला काय झालं होतं? आनंद, लाज, संताप, सगळं एकदम वर आलं, आणि त्यात संताप सगळ्यांत मोठा. कारण हिला हॉटेलचा नियम आठवला. गर्दीच्या दिवशी नोकरांच्या नातेवाइकांना खोली नाही. मागच्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या एकाने मेहुण्याला घुसवलं आणि दुसऱ्या दिवशी तो घरी बसला. पण हे काही घुसलेले नव्हते! पैसे भरलेले, बुकिंग केलेलं, आणि गॉगलवाल्याच्या आधी आलेले. खोली यांचीच होती, देवाशपथ यांचीच. नुसतं एवढं म्हणायचं होतं, "सर, हे आधी आले आहेत." बापबीप काही सांगायची गरजच नव्हती.

"अहो मॅडम!" गॉगलवाल्याने तळहात काउंटरवर आपटला. "इथे काय देवदर्शनाची रांग आहे का? मला ओळखता का तुम्ही? एक फोन लावला ना, तर तुमच्या हॉटेलचं..."

केबिनचं दार उघडून टक्केसाहेब बाहेर आले. तिच्या खांद्यामागे उभे राहिले आणि दातांतल्या दातांत म्हणाले, "याला आधी वर पाठवा. दुसरं कोण आहे?"

ती काही बोलणार, एवढ्यात पिल्लू आईच्या मांडीवरून सुटली. "मावशी! ए मावशी! आम्ही आलो!" पिल्लूचा आवाज काय तो! काउंटरच्या कडेला लोंबकळून ती दोन्ही टाचा उचलत होती.

टक्केसाहेबांनी भुवया चढवल्या. "तुमच्या ओळखीचे आहेत का हे?"

आता इथे माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही म्हणतात. खोटं आहे ते. तिला मिळाला होता. तिने पिल्लूकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग साहेबांकडे बघून हसली.

"छे हो सर. लहान मुलं, सगळ्यांनाच मावशी म्हणतात."

ऐकू गेलं. लॉबी काही एवढी मोठी नव्हती. ताई ताडकन उठली. बाबा तिच्याही आधी उठले होते. त्यांनी ताईचं मनगट धरलं, पुढे आले, पिल्लूला काउंटरपासून अलगद सोडवलं आणि अगदी परक्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "बाळा, त्या मावशी कामात आहेत. त्यांना त्रास द्यायचा नाही हं."

एवढ्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालंही असेल. पण वर आला तो रागच. हा माणूस माझ्या खोटेपणातसुद्धा मला जागा करून देतोय! बाबा, भांडा ना. एकदा, आयुष्यात एकदा आवाज चढवा. म्हणा, आम्ही आधी आलोय, आमची खोली द्या. तुम्ही ओरडलात की मी साहेबांना सांगते, सर, हे ऐकत नाहीत, आणि किल्ली तुमच्या हातात ठेवते. मला काही करायला लावू नका, तुम्ही करा.

"नमस्कार काका," ती म्हणाली. "आज जरा गर्दी झालीय. पण तुमच्यासाठी आम्ही एक खास सोय केली आहे. शेजारच्याच हॉटेलात. गाडी सोडेल."

"बरं," बाबा म्हणाले.

आधीच्या दोन कुटुंबांना तिने जेवणाची कुपनं दिली होती, दुसऱ्या दिवशीची पार्कची तिकिटं दिली होती. यांना तिने त्यातलं काहीच दिलं नाही. मुद्दाम. आता तरी चिडतील.

"खोली थोडी लहान आहे."

"आम्ही तिघंच तर आहोत."

"पलंग एकच आहे."

"मी खाली झोपेन. मला खालीच बरं पडतं."

"नाश्ता तिथे मिळत नाही." हे तर ती चक्क मनचं जोडत होती. नाश्ता तिथे मिळायचा.

"आणलंय आम्ही बरोबर," बाबा म्हणाले आणि पिशवीवर हात ठेवला.

ताईचा चेहरा लालबुंद झाला होता. "बाबा, अहो काय चाललंय हे? पैसे भरलेत आपण! ही..."

"असू दे," बाबा म्हणाले.

असू दे! तेच ते असू दे. तिला वाटलं, काउंटरवरची घंटा उचलून भिंतीवर फेकावी. पण चेहऱ्यावरचं हसू कसलेलं होतं, ते जागचं हललं नाही. मागून गॉगलवाला म्हणाला, "काका, पटकन हो म्हणा ना. पोरं ताटकळलीत माझी."

"हो हो," बाबा बाजूला झाले. "माझ्यामुळे खोळंबा नको." मग पुन्हा वळले. त्यांनी सगळ्या बोलण्यात एकच गोष्ट विचारली. "तिथून ती दिव्यांची परेड दिसते का? हिला दाखवायची होती म्हणून विचारतो."

हायवेपलीकडच्या त्या हॉटेलच्या खिडक्या एका गोदामाच्या भिंतीवर उघडायच्या. तिथून पावसाळा सुरू झालाय की नाही हेसुद्धा दिसत नसे.

"दिसते," ती म्हणाली. "लांबून. पण छान दिसते."

"मग झालं तर." बाबांनी पिशवी खांद्याला लावली, ताईच्या हातातली बॅग घ्यायला गेले, तिने दिली नाही. दाराशी ते थांबले, कारण आत येणारं एक मोठं कुटुंब होतं. त्या सगळ्यांना आत येऊ दिलं आणि मग तिघं बाहेर पडले. पिल्लू मान वळवून वळवून मागे बघत होती.

"वा!" टक्केसाहेब म्हणाले. "असे गेस्ट मिळायला नशीब लागतं. आवाज नाही, तक्रार नाही. आणि काय हाताळलंत बाई तुम्ही! त्या पोरीला तर असं उडवून लावलंत..." ते हसले. "एक तारखेपासून काउंटर तुमचं. आता चहा घ्या."

"थँक यू सर," ती म्हणाली. नवी टाळ्या वाजवायला लागली. साखरेने तिला गप्प केलं आणि पुढच्या माणसाचं हसून स्वागत केलं. चहा आला, तो तसाच गार झाला.

आता ज्याला एकदा आरडाओरडा करून मिळतं, तो एकदाच ओरडून थांबतो होय? चहावर साय धरते न धरते तोच गॉगलवाला खाली. खिडकीतून परेडचा रस्ता अर्धाच दिसतो म्हणे. पलीकडच्या खोलीला पूर्ण दिसतो, याला अर्धाच का? मग लिफ्टचा आवाज. मग टॉवेल. आपण कोण, आपले मित्र कोण, सगळं पुन्हा एकदा लॉबीला ऐकवून झालं. आणि शेवटी, "नको तुमची खोली! माझ्या साडूचा बंगला आहे इथून जवळ, फुकट राहीन!" असं म्हणून पैसे परत घेऊन, पोरांना दंडाला धरून, तो निघूनच गेला. पोरं रडत गेली.

"सुंठीवाचून खोकला गेला," टक्केसाहेब म्हणाले. "दारात माणसं उभीच आहेत. विकून टाका ती."

तिच्या हातात किल्ली होती. तिसऱ्या मजल्यावरची खोली, वर्षातल्या सगळ्यांत गर्दीच्या दिवशी, रिकामी.

"सर, एक मिनिट," ती म्हणाली. "मघाच्या त्या काकांना परत बोलावते."

"कशाला? ते गेले की सुखाने."

"एक मिनिट, सर." आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता ती काउंटरमागच्या सामानाच्या खोलीत शिरली. लोकांच्या बॅगांमध्ये उभी राहून तिने ताईला फोन लावला. वाजला, वाजला, आणि मग उचलला.

"कोण?" ताई म्हणाली. नाव दिसत होतं तरी.

"ताई, मी. ऐक, खोली रिकामी झालीय. चांगली आहे, परेडच्या बाजूची. गाडी पाठवते, लगेच निघा."

"आमच्या ओळखीचं तिथे कुणी नाही."

"ताई, प्लीज गं."

"प्लीज काय? लाज नाही वाटत? तुझ्याकडे काय भीक मागायला आलो होतो? बाबांना फक्त तू कुठे काम करतेस ते बघायचं होतं. लांबूनच बघणार होते. गेले तीन महिने हेच चाललं होतं त्यांचं, तिला कळता कामा नये, तिला उगाच कुणापुढे तोंड वेंगाडावं लागेल. मी म्हटलं होतं, आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण दात असा लागेल असं नव्हतं वाटलं." ताईचा आवाज फाटला. "भिंत आहे समोर, ठके. खिडकी उघडली की भिंत. पोर मघापासून तिथे बसलीय, परेड कधी येते म्हणून."

"मला बाबांना दे."

फोन हातात जाताना खरखरलं. मागे नळ गळत असल्याचा आवाज येत होता.

"हॅलो," बाबा म्हणाले. "जेवलीस का?"

मग एकदम सगळं बाहेर आलं. "बाबा, चुकलं माझं. साहेब उभे होते, नियम आहे तसा, आणि मला बढती... ते जाऊ दे. बाबा, खोली आहे आता. तुमचीच आहे, तुम्हीच आधी आला होतात. मी सांगते साहेबांना, हे माझे वडील आहेत म्हणून. सगळ्यांसमोर सांगते. तुम्ही या फक्त. अजून परेडला वेळ आहे, पिल्लूला दिसेल. पाठवू ना गाडी?"

"नको," बाबा म्हणाले.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. या माणसाने तिच्या देखत कुणालाच, कधीही, कशालाही नको म्हटलं नव्हतं. ज्याने दुकान घेतलं त्याला नाही, ज्याने बोळ घेतला त्याला नाही, सर्कशीतल्या त्या लोकांना नाही.

"बाबा, रागावलात ना? रागवा. हवं तेवढं बोला मला."

"रागावलो नाही गं. तुझ्या नोकरीचं मला कळत नाही का? काउंटरवर छान दिसत होतीस." मग आवाज खाली घेऊन, पलीकडे कुणाला ऐकू जाऊ नये असं बोलले. "पण पिल्लू विचारत होती, मावशी आपल्याशी का नाही बोलली. गाडीत सारखं तेच. मग मी सांगितलं, ती आपली मावशी नव्हतीच मुळी. तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी बाई होती. म्हटलं, आपली मावशी असं करेल का? पटलं तिला. लगेच पटलं. हसायलाच लागली, म्हणाली, आजोबा, मी पण किती वेडी. आता परत तिथे आलो, तर तिला काय सांगू?"

तिने तोंडावर हात दाबून धरला होता. दाराच्या काचेवर टकटक झाली. टक्केसाहेब बोटाने किल्ली मागत होते, आणि त्यांच्यामागे बॅगा घेतलेलं एक जोडपं उभं होतं.

"उद्या सकाळीच निघतो आम्ही," बाबा म्हणाले. "तू ये कधीतरी घरी. पिल्लूला तिची मावशी फार आवडते."

मग ते गप्प झाले, पण फोन सुरूच होता. त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागचा नळही. दुसऱ्याचा फोन आपण आधी ठेवायचा नाही, समोरच्याला वाईट वाटतं, असं ते मानायचे. ते थांबले होते तिच्यासाठी. काचेवर पुन्हा टकटक झाली, आणि फोन तिला ठेवावा लागला.